प्रभातचा नाचाचा मास्तर

(दृश्य: लॉ कॉलेज रस्ता, सकाळची वर्दळ. फिल्म इन्स्टिट्यूटचं फाटक.)

या फाटकापाशी आलं की पुणेकर आपल्या पाहुण्यांना दोन गोष्टी हमखास सांगतो. इथं आधी प्रभात होती आणि ‘संत तुकाराम’ इथंच झाला. दोन्ही खरं आहे. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली, १९५३ मध्ये बंद पडली, आणि १९६० पासून त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

तिसरी गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही. १९४४ साली, जेमतेम एकोणीस वर्षांचा एक मुलगा तीन वर्षांच्या करारावर या कंपनीत नोकरीला लागला. मामांनी शब्द टाकला होता. मुलाचं नाव गुरुदत्त पदुकोण. त्याच्या गाठीला विद्या एकच होती, नाचाची.

(दृश्य: अल्मोड्याचे डोंगर. उदय शंकर यांची जुनी छायाचित्रं.)

जन्म बंगळूरचा, बालपण कलकत्त्याचं. तिथून तो गेला अल्मोड्याला, नर्तक उदय शंकर यांच्या नृत्यकेंद्रात. काय शिक्षक होते तिथे! कथकलीला शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमला कंदप्पा पिल्लै, मणिपुरीला अमोबी सिंग, संगीताला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. पण उदय शंकर यांना एकाच घराण्याचा पक्का नर्तक घडवायचा नव्हता. पाठ केलेल्या तोड्यांपेक्षा त्यांचा भर होता उभं कसं राहायचं, चालायचं कसं आणि दहा जण एकदम हलले तर मधली मोकळी जागा कशी दिसते, यावर. लढाईच्या दिवसांत पैसा आटला आणि केंद्र बंद झालं. पुण्याला आलेल्या मुलाकडे होतं ते हे, डोळ्यांचं शिक्षण.

(दृश्य: प्रभातचा जुना स्टुडिओ. तुतारीचं बोधचिन्ह.)

तो आला तेव्हा प्रभातचे भरभराटीचे दिवस मागे पडले होते. शांतारामबापू, म्हणजे व्ही. शांताराम, १९४२ मध्ये बाहेर पडून मुंबईत आपल्या राजकमल या चित्रसंस्थेच्या उभारणीला लागले होते. प्रभातचे एक संस्थापक दामलेमामा १९४५ मध्ये वारले. अशा पडत्या काळातल्या कंपनीत नवशिक्याला एक फायदा असतो, सगळी कामं करायला मिळतात. ‘चाँद’मध्ये त्यानं कृष्णाची छोटीशी भूमिका केली. विश्राम बेडेकरांच्या ‘लाखारानी’त अभिनयही केला आणि दिग्दर्शनाला मदतही. आणि १९४६ च्या ‘हम एक हैं’मध्ये तो सहायक दिग्दर्शक होता, शिवाय नृत्यदिग्दर्शक.

आता हे काम नेमकं काय असतं?

रंगमंचावर नाच एका बाजूनं दिसतो आणि सलग दिसतो. सिनेमात दोन्ही सोयी नाहीत. गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं. सेटवर ते दोन-दोन ओळींच्या तुकड्यांत वाजवतात. मुखडा सकाळी, अंतरा जेवणानंतर, आणि मधला म्युझिक पीस कदाचित पुढच्या आठवड्यात. नायिकेनं सकाळी उजव्या पायावर गिरकी संपवली असेल, तर आठवड्यानंतरही तिला उजव्याच पायावरून सुरुवात करावी लागते. मास्तर कॅमेऱ्याशेजारी उभा राहून ‘पाच, सहा, सात, आठ’ म्हणतो आणि अख्खं गाणं स्वतः नाचतो, कारण समोरचा नट त्याच्याकडे बघून नाचत असतो. फिल्मवर मात्र त्यातलं एक पाऊलही उमटत नाही.

स्टेप्स बसवणं हा या कामाचा सोपा भाग. अवघड असतं ते चौकटीत काय ठेवायचं हे ठरवणं. चेहरा दाखवायचा की पाय? मागची रांग हलती ठेवायची की थिजलेली? म्हणून गाण्याच्या दिवशी सेटवर बहुतेक वेळा मास्तरचाच शब्द चालतो, दिग्दर्शक खुर्चीत बसून असतो.

(दृश्य: प्रभात रस्ता. ‘हम एक हैं’ची जाहिरात.)

‘हम एक हैं’चा नवा नायक होता देव आनंद. त्याची आणि गुरुदत्तची गाठ कशी पडली, हा किस्सा स्वतः देव आनंद यांनी अनेकदा सांगितलेला. दोघांचे कपडे एकाच धोब्याकडे जायचे. एक दिवस शर्टांची अदलाबदल झाली, आणि स्टुडिओत समोरून येणाऱ्या मुलाच्या अंगावर देव आनंदला आपला शर्ट दिसला. त्यातून मैत्री झाली आणि मैत्रीतून करार: मी निर्माता झालो तर दिग्दर्शक तू, तू दिग्दर्शक झालास तर नायक मी. सिनेमावाल्यांच्या आणाभाका सहसा चहाच्या बिलापर्यंत टिकतात. ही टिकली. १९५१ साली देव आनंदच्या नवकेतन या संस्थेचा ‘बाजी’ आला, दिग्दर्शक गुरुदत्त. आणि त्यातले नाच बसवले होते अल्मोड्याच्याच जोहरा सेहगल यांनी.

पुण्यातला करार १९४७ मध्ये संपला होता. मधली वर्षं मुंबईत, कधी बेकारीची, कधी दुसऱ्यांच्या हाताखाली काम करण्याची. पुढे नृत्यदिग्दर्शक म्हणून तो ओळखला गेला नाही. पण माझं म्हणणं असं, की त्यानं ते काम सोडलंच नाही.

(दृश्य: ‘कागज़ के फूल’ आणि ‘साहिब बीबी और ग़ुलाम’मधल्या चौकटी.)

गुरुदत्तचा ‘कागज़ के फूल’, १९५९. ‘वक़्त ने किया’ हे गाणं. रिकामा स्टुडिओ, छायालेखक व्ही. के. मूर्तींनी सोडलेला प्रकाशाचा झोत, दोन माणसं. गाणंभर कुणी नाचत नाही. तरी कोण कुठे उभं आहे, अंतर कधी कमी होतं, कॅमेरा कधी सरकतो, हे सगळं तालात बसवलेलं आहे. स्टेप नसलेली नृत्यरचनाच ती.

‘साहिब बीबी और ग़ुलाम’, १९६२. दिग्दर्शक म्हणून नाव अब्रार अल्वींचं. पण गाणी गुरुदत्तनं चित्रित केली, असं अल्वीही सांगत. त्यातला मुजरा बघा. उजेड फक्त मीनू मुमताजवर. मागच्या नर्तकी गाणंभर अंधारात, नुसत्या आकृत्या. एरवी जो समूह गर्दी वाटला असता, तो इथं सावल्यांची झालर होतो. मागच्या रांगेचं करायचं काय, हा प्रश्न ज्याला पुण्यात पगारी पडला होता, त्याचं हे उत्तर आहे.

(दृश्य: एका कथक वर्गातला तत्कार. घुंगरू.)

गुरुदत्त दिग्दर्शक झाला म्हणून नाव राहिलं. बाकीच्यांचं काय? ‘मुग़ल-ए-आज़म’मध्ये मधुबालाचा कथक बसवला कथकगुरू लच्छू महाराजांनी. त्यांच्या पुण्यातल्या शिष्या म्हणजे रोहिणी भाटे; त्यांनी १९४७ मध्ये, गुरुदत्तचा करार संपला त्याच वर्षी, इथं नृत्यभारती सुरू केली. रोहिणीताईंनी रंगमंच धरला आणि पुण्यात कथकची पिढीच्या पिढी उभी राहिली. त्यांच्या गुरूचं सिनेमातलं काम कोट्यवधींनी पाहिलं, पण ते बघणाऱ्यांतल्या किती जणांना लच्छू महाराज हे नाव ठाऊक होतं?

हिंदी बोलपट सुरू झाला १९३१ मध्ये. फिल्मफेअरनं नृत्यदिग्दर्शनाला वेगळा पुरस्कार द्यायला सुरुवात केली १९८९ मध्ये, ‘तेज़ाब’साठी, सरोज खान यांना. मधली अठ्ठावन्न वर्षं सिनेमा नाचत होता, नाचवणाऱ्यांना फक्त रोजंदारी मिळत होती. सरोज खान यांची वाटही मागच्या रांगेतूनच गेलेली. बालकलाकार, मग ग्रुप डान्सर, मग बी. सोहनलाल यांच्या सहायक. स्वतंत्र काम मिळालं १९७४ मध्ये, ‘गीता मेरा नाम’ला. तिथून ‘तेज़ाब’पर्यंत आणखी चौदा वर्षं.

(दृश्य: पुणे स्टेशन, पहाटेचा फलाट.)

आज नृत्यदिग्दर्शकाचं नाव पडद्यावर ठळक येतं, असिस्टंटचं बारीक अक्षरात. मागच्या रांगेतल्यांचं बहुतेक वेळा येतच नाही. पुण्यातल्या डान्स क्लासांतून तयार झालेली पोरं तरीही सिंहगड नाहीतर डेक्कन क्वीन पकडून मुंबईला ऑडिशन गाठतात. निवड होते ती रांगेसाठीच.