रुखवतातले चार लाडू

नमस्कार श्रोतेहो. आज मला विषय दिलाय 'धकाधकीच्या दिवशी कृतज्ञता'. विषय ऐकला आणि डोळ्यांपुढे थेट खंबाटकी घाटच उभा राहिला. मे महिना, भर दुपार, अंगावर शालू, आणि बॉनेटमधून वाफ.

साल 2006. माझ्या नणंदेचं लग्न वाईला. नवरी आदल्या दिवशीच मामांबरोबर पोचली होती. आम्ही मागून रुखवत घेऊन निघणार. तर सकाळी हार आणायला धाकट्या दिरांनी स्कूटर काढली, ती सुरूच होईना. किका मारून मारून घामाघूम झाले. प्लग काढून पुसला, स्कूटर आडवी करून पाहिली, सगळं झालं. शेवटी शेजाऱ्यांची मोटारसायकल घेऊन ते पुढे गेले, तर शिरवळला तिची क्लच वायर तुटली! ती तिथल्या गॅरेजमध्ये दहा मिनिटांत बदलून मिळाली, पण आमच्या घरच्यांचा धीर सुटला. सासूबाई म्हणाल्या, "आता तिसरं काय होतंय बघा."

तिसरं घाटात झालं.

आमची गाडी अकरा वर्षांची. आठवड्यापूर्वीच सर्व्हिसिंग करून आणलेली, "काही बघायला नको" असं सांगितलेलं. खामजाईच्या देवळाच्या अलीकडे इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढला, आणि फट्ट! रेडिएटरचा होज पाईप फुटला. आमचे हे खाली उतरले आणि फडकं घेऊन झाकण उघडायला निघाले. तेवढ्यात मागून ओरडणं ऐकू आलं, "ओ सायेब, हात लावू नका!"

श्रोतेहो, हे लक्षात ठेवा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं उकळून तोंडावर येतं. पुन्हा सांगते, गरम असताना झाकण उघडायचं नाही. आधी अर्धा तास गाडी गार होऊ द्यायची.

ओरडणारा माणूस होता कोल्हापूरकडे रिकामा चाललेल्या एका ट्रकचा ड्रायव्हर. पाईपकडे बघितलं आणि क्लीनरला म्हणाला, "ट्यूब आण." जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापली. पाईप गार झाल्यावर ती ताणून ताणून त्यावर गुंडाळली, वरून तारेचे आळे मारले. मग पाणी हवं. आमच्याकडे पाणी कुठलं? पिण्याचं पोरांनी कात्रजलाच संपवलेलं. होता तो पंगतीसाठी नेत असलेला मठ्ठ्याचा कॅन. माझा मुलगा म्हणाला, "आई, मठ्ठा ओतू या?" सासऱ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो आजही मठ्ठा पीत नाही.

पाणी ट्रकमधूनच आलं. हे काम चालू असताना महाबळेश्वरची एसटी येऊन थांबली. हात न करता थांबली बरं का! कंडक्टर दारातून म्हणाला, "आजी, मुहूर्त गाठायचाय ना? रुखवत घेऊन चढा." माझं मत विचाराल, तर 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, तो दिवस आपण सणासारखा साजरा करायला हवा. लोक विमानतळाचं कौतुक करतात. विमान घाटात थांबतं का कुणासाठी?

तर सासूबाई निघाल्या. पण चढण्याआधी त्यांनी रुखवताचा डबा उघडला. त्यात बेसनाचे 51 लाडू, मोजून वळलेले, वर बेदाणा लावलेले. (हल्ली रुखवत तयार विकत आणतात, थर्माकोलचं देऊळ आणि वर चकचकाट. असो, तो विषय वेगळा.) त्या डब्याला गेले चार दिवस घरात कुणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, "आई, रुखवताचं मोडू नका." त्या म्हणाल्या, "गप खा. लेकीचं लग्न आहे." दोन लाडू ट्रकला, दोन एसटीला.

आमचे हे पैसे द्यायला गेले, तर ड्रायव्हर म्हणाला, "लाडू खाल्ला न्हवं? झालं तर मग. झाकान पार आवळू नका, ढिलंच ऱ्हाऊ द्या, न्हाईतर दाबानं पट्टी उडंल. आन् हीटर लावा."

हीटर! इंजिनाची उष्णता आत ओढून घेतो म्हणे. बरोबर आहे ते, पण मे महिन्यात शालू नेसून हीटरसमोर बसून बघा एकदा! सुरूर फाट्यावरून वाईला पोचेपर्यंत माझ्या केसांतला गजरा वाळला होता.

अक्षता मिळाल्या. रुखवत मांडलं, तेव्हा विहीणबाईंनी मोजलं. "सत्तेचाळीसच?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "चार वाटेत जेवायला बसले."

आता राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 हा नंबर आहे, लिहून ठेवा. एक, शून्य, तीन, तीन. तेव्हा आम्हाला असं काही ठाऊक नव्हतं, आणि घाटात मोबाइलला रेंजही नव्हती. त्या ट्रकवाल्याचं नाव विचारायचं राहिलं. रात्री वरात गेल्यावर सासऱ्यांच्या ते लक्षात आलं, आणि माणूस अर्धा तास नुसता येरझाऱ्या घालत होता.

दुसऱ्या दिवशी वाईच्या मेकॅनिकने नवा पाईप टाकला आणि जुनी पट्टी फेकायला काढली. सासऱ्यांनी ती मागून घेतली, रुमालात बांधली. त्या वर्षी खंडेनवमीला पाटावर पाना, पकड, विळी, सासूबाईंचं शिलाई मशीन, असं सगळं नेहमीसारखं मांडलं. पकडीशेजारी ती ट्यूबची पट्टी ठेवली होती. सासऱ्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि सासूबाईंनी न विचारता समोर एक बेसनाचा लाडू ठेवला.

नमस्कार.