गोत्र, नाडी आणि अकरावं गुणसूत्र

अध्यक्ष महोदय, व्याख्यानमालेचे कार्यकर्ते आणि आयपीएलचा सामना सोडून इथं आलेल्या श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'जनुकं : आपलं आरोग्य, आपलं ताट, आपला समाज' असा छापलाय. विषय तीन, वेळ पाऊण तास, आणि त्यातला काही भाग शाल-श्रीफळात गेला. तिन्हींना न्याय देण्याचा माझा मनापासून प्रयत्न राहील. (हशा) हसू नका, अजून सुरुवातही केलेली नाही.

आरोग्याकडे जायचा माझा रस्ता मांडवातून जातो. गेल्या लग्नसराईत पंगतीला माझ्या शेजारी एक निवृत्त इंजिनियर बसले होते. मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं हे कळल्यावर ते खूश झाले. म्हणाले, "सर, आपल्या ऋषींना वाय क्रोमोसोम ठाऊक होता." मी जिलबी तोंडात असल्यानं गप्प. त्यांनी मोबाइल काढला, फॉरवर्ड वाचून दाखवला : वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जातं, गोत्रही बापाकडून मुलाला जातं, सगोत्र लग्न केलं तर एकच वाय दोनदा येतो आणि संतती दुबळी निपजते. खाली कुठल्या तरी परदेशी विद्यापीठाचं नाव. ते असतंच.

आता यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. वाय बापाकडूनच येतो. म्हणून मी विचारलं, "साहेब, वधूकडे वाय असतो का?"

ते म्हणाले, "असणारच ना, वडलांचा."

म्हटलं, "वडलांचा वाय तिला मिळाला असता तर आज ती बोहल्यावर नवरदेव म्हणून उभी असती."

मठ्ठ्याची वाटी त्यांच्या हातात तशीच राहिली. मग म्हणाले, "पण काहीतरी सायन्स असणारच त्यामागे." या 'असणारच'पुढे माझी सगळी नोकरी हरलेली आहे.

हा फॉरवर्ड तुमच्यापैकी किती जणांना आलाय? हात वर करा. बघा. आणि पुढे किती जणांनी पाठवला? आता एकही हात नाही. (हशा)

थोडा हिशेब करू. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या, प्रथिनं घडवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास. त्यातली वायवर फार तर शंभरेक. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं जनुक वायवर नाही, अकराव्या गुणसूत्रावर आहे. ज्या थॅलेसेमियात लहान मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्याचंही अकराव्यावरच. घरात गोत्र पाहून समाधान मानलं जातं, आणि ज्या गुणसूत्रानं पुढे हॉस्पिटलच्या वाऱ्या घडतात त्याची चौकशी कुणी करत नाही.

दुसरा हिशेब. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमच्या पूर्वजांच्या जागा होतात १०२४. गोत्र त्यातल्या एका जागेचा पत्ता सांगतं. उरलेल्या १०२३ जागांबद्दल ते काही बोलत नाही. आणि तुमच्या आईकडचे सगळे पूर्वज त्या बाकीच्यांतच येतात, हेही लक्षात घ्या.

म्हणूनच मामाची मुलगी चालते. आपल्याकडे अनेक समाजांत ती नुसती चालत नाही, तिच्यावर भाच्याचा पहिला हक्क समजतात. गोत्र वेगळं, सगळं शास्त्रशुद्ध. आणि आत्ये-मामे भावंडांत वारशानं आलेला सरासरी आठवा हिस्सा सामाईक असतो! आजोबा एखाद्या रोगाचे वाहक असतील, म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बदललेली पण स्वतः निरोगी, तर प्रत्येक नातवंड वाहक असण्याची शक्यता चारात एक. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात हजारो बाळांचा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये छापून आला. चुलत-मामे भावंडांच्या लग्नांत जन्मजात व्यंगाचं प्रमाण साधारण तीन टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर गेलेलं दिसलं. म्हणजे चौऱ्याण्णव टक्के बाळं ठणठणीत. मामाच्या मुलीशी लग्न केलेल्यांनी आज घरी जाऊन भांडू नये. पण पंधराशे किलोमीटरवरचं सगोत्र स्थळ नाकारायचं आणि मामाकडे पेढे घेऊन जायचं, याला विज्ञान म्हणू नका एवढंच. सपिंडाच्या, म्हणजे जवळच्या रक्तनात्यात लग्न नको या नियमात शास्त्रकारांनी आईकडच्या पिढ्याही मोजल्या होत्या, तो नियम जास्त शहाणा. त्याला रूढीनं पळवाट दिली, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंही ती तशीच ठेवली. सगोत्राची कायदेशीर आडकाठी मात्र १९४६ मध्येच गेलेली आहे.

नाडीचं तर विचारूच नका. छत्तीस गुणांतले आठ एकट्या नाडीचे. आद्य, मध्य, अंत्य. सत्तावीस नक्षत्रं तीन गटांत वाटलेली, प्रत्येकात नऊ. म्हणजे वाटेल ती दोन माणसं उचलली तरी साधारण तिघांत एकदा नाडी एक येणार आणि स्थळ मोडणार. का, तर म्हणे संततीला धोका. पण नाडी ठरते जन्मावेळच्या चंद्रावरून. सख्ख्या बहीण-भावांची नाडी वेगवेगळी असू शकते. नाडीच्या हिशेबानं ते स्थळ उत्तम! (हशा, टाळ्या)

टाळ्या नकोत, कारण आता मी तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या दुखऱ्या जागेवर येतोय. गोत्राबाहेर आणि जातीच्या आत, असं आपलं कुंपण आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतले थंगराज आणि अमेरिकेतले डेव्हिड राइश यांच्या गटानं २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समूहांचा डीएनए तपासला. त्यातल्या ८१ समूहांची वंशावळ इतक्या थोड्या पूर्वजांतून आलेली निघाली, की अश्केनाझी ज्यू आणि फिनलंडचे लोक, ज्यांची उदाहरणं आम्ही वर्गात देत आलो, ते मागे पडले. काही समूह लोकसंख्येनं दहा लाखांच्या वरचे. संख्या मोठी, पण जनुकांच्या दृष्टीनं गाव छोटं, म्हणजे एकच बदललेलं जनुक आई आणि बाप दोघांकडूनही येण्याची शक्यता जास्त. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजाचं उदाहरण डॉक्टरांना माहीत आहे. ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करायला जे औषध देतात, ते शरीरात मोडणारं एन्झाइम त्यांच्यातल्या काहींमध्ये फार कमी असतं, आणि औषधाचा अंमल लवकर उतरत नाही. भूल देणाऱ्यानं तिथं समाज विचारला तर तो जातीयवाद नसतो.

आता सिकलसेल. विदर्भात, नंदुरबारात, गडचिरोलीत हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हिमोग्लोबिनच्या १४६ दुव्यांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. डीएनएत एक अक्षर बदललेलं, बाकी काही नाही. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मूल हाडं धरून रडतं. एकच प्रत बदललेली असेल तर माणूस वाहक. तो एरवी तुमच्या-माझ्यासारखाच, उलट लहानपणी घातक मलेरियापासून त्याला संरक्षण मिळतं. अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये हे दाखवून दिलं. मलेरियाच्या मुलखात ज्यांची मुलं वाचली त्यांचा हा वारसा आहे. त्याला 'दोष' म्हणताना जीभ चावावी.

माझी एक विद्यार्थिनी होती. हुशार, स्पष्ट बोलणारी. ती वाहक. तिच्या वडलांनी स्थळ आल्यावर प्रामाणिकपणे रिपोर्ट समोर ठेवला. मुलाकडच्यांनी चहा संपवला आणि निरोप पाठवला की मुलीच्या रक्तात खोट आहे. मुलाची तपासणी? केलीच नव्हती. अहो, मुलगी वाहक आणि मुलाच्या तपासणीत सिकलसेल किंवा थॅलेसेमिया यांतलं काहीच नसेल तर एकही मूल रुग्ण होणार नाही, एकही नाही! दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक धोका, आणि पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याला सूट मिळत नाही. म्हणजे प्रश्न जोडीचा असतो, पण शिक्का बसतो तो मुलीवर. पुढल्या स्थळाच्या वेळी वडलांनी रिपोर्ट कपाटात ठेवला. मी त्यांना दोष देऊ शकलो नाही.

तपासणी किती साधी आहे ते मी शिबिरात पाहिलंय. बोट टोचून थेंबभर रक्त काचेच्या नळीतल्या द्रावणात टाकतात. नळीच्या मागे काळ्या रेघा मारलेला कागद. रेघा दिसल्या तर जा घरी. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची चाचणी, कारण वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ही नळी सांगत नाही. ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या सांगतात. एचपीएलसीत थॅलेसेमियाचे वाहकही सापडतात. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि प्रत्येकाला कार्ड, असा बेत. बेत चांगलाच आहे. पण हातात नुसतं कार्ड दिलं तर त्या कार्डाचं लग्नाच्या बाजारात काय होतं, ते आत्ता सांगितलं.

यावर एक तोड न्यूयॉर्कमध्ये निघालेली आहे. हेच सांगायला मी खरं तर आलोय. जोसेफ एकस्टाइन नावाचे कर्मठ ज्यू धर्मगुरू. त्यांची चार मुलं टे-सॅक्स या रोगानं गेली. या रोगात बाळ काही महिने छान वाढतं, मग शिकलेलं एकेक विसरत जातं आणि बहुतेक शाळेच्या वयापर्यंत राहत नाही. त्यांच्याही समाजात ठरवून लग्नं, जातीसारखंच कुंपण, आणि 'त्यांच्या घरात आहे' ही कुजबुज. १९८३ मध्ये त्यांनी 'डोर येशोरिम' सुरू केलं. शाळकरी वयातच रक्त घ्यायचं, नमुन्यावर नाव नाही, फक्त क्रमांक. स्थळ सुचलं की दोन्ही क्रमांक कळवायचे. उत्तर एवढंच येतं : जुळतं की नाही. एकटा कोण वाहक आहे हे त्याला स्वतःलाही सांगत नाहीत. त्यावर टीका आहे, माणसाच्या रक्ताची माहिती त्याच्यापासून लपवायची म्हणजे काय? टीका रास्त आहे, मलाही ते खटकतं. पण त्यांनी शिक्का माणसावरून उचलला आणि जोडीवर ठेवला, ही अक्कल आपण उचलायला हरकत नाही. आपल्याकडे तर क्रमांक जुळवण्याची हौस जन्मजात आहे.

चिठ्ठी आली. 'कृपया आटोपतं घ्यावे.' बरं.

ताट. २००२ मध्ये बीटी कापूस आला, मातीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेला. बोंडअळी आटोक्यात आली, मग गुलाबी बोंडअळी त्याला सरावली. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम नॉन-बीटीची पुडी मिळायची, अळीला सराव होऊ नये म्हणून कडेनं लावायला. ती किती बांधांवर फेकली गेली ते विदर्भातले पाहुणे सांगतील. जालन्याच्या कंपनीनं काढलेलं बीटी वांगं २०१० मध्ये इथं थांबवलं गेलं, बांगलादेशानं २०१३ मध्ये ते घेतलं. आपण वांग्यावर भांडत राहिलो आणि बीटी कापसाच्याच सरकीचं तेल फोडणीत, सरकीची पेंड गोठ्यात चालूच राहिली. मे २०२५ मध्ये 'कमला' आणि 'पुसा डीएसटी १' या जनुकसंपादित भाताच्या जाती जाहीर झाल्या. त्यांत परकं जनुक नाही, आतलंच सुधारलंय. भीती आणि आरती दोन्ही जरा थांबवून शेतातले आकडे बघू.

'मधुमेह आमच्या खानदानात आहे' म्हणणाऱ्यांसाठी अर्धा मिनिट. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा जोडीचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं तोलली तर सरासरी २.७ किलोची, पण चरबी राखून जन्मलेली. मधुमेहाकडे नेणाऱ्या या चरबीत जनुकांचा हात आहेच, पण आईच्या ताटाचाही आहे. खानदानाच्या नावावर खापर फोडून तिसरा पेढा घेऊ नका.

उपचार : २०२३ च्या शेवटी सिकलसेलवर जनुकसंपादनाच्या 'कॅसजेव्ही'ला अमेरिकेत मंजुरी मिळाली, किंमत २२ लाख डॉलर. नंदुरबारात त्याचा आज उपयोग नाही. तपासणीचा आहे. आणि दोघंही वाहक असूनही लग्न करायचंच असेल तर जरूर करा. गरोदरपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा कण काढून गर्भाची तपासणी होते. त्यापुढचा निर्णय त्या दोघांचा, आत्याबाईंचा नाही.

या सभागृहात वधू-वर सूचक मंडळ चालवणारे निदान तिघं बसलेत, मी ओळखतो त्यांना. तुमच्या फॉर्मात गोत्र, गण, नाडी, रक्तगट, चष्म्याचा नंबर असे रकाने आहेत. त्यात एक ओळ वाढवा : 'हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी केली आहे : होय / नाही.' निकाल लिहायचा नाही, केलीय की नाही तेवढंच. मुलगा आणि मुलगी, दोघांच्याही फॉर्मात, आणि 'नाही' असेल तर फॉर्म परत. निकाल दोघांनी पसंती झाल्यावर आपसात, हवं तर समुपदेशकासमोर बसून पाहावा.

आता प्रश्न. चिठ्ठीवर लिहून द्या, आणि स्वतःची पत्रिका जोडू नका.