पीसी डीपीपासून सुरू होतो

बसा बसा, मागच्यांनी पुढे सरका, कूलर पुढे आहे आणि माझा आवाज काही मागपर्यंत जात नाही. विषय तुम्ही वाचलाच असेल, घरी जोडलेला गेमिंग पीसी सारखा रिबूट मारतो तर दोष कसा शोधायचा. समोर निम्मी पोरं दिसतायत ज्यांच्याकडे तसला पीसी आहे, आणि उरलेले त्यांचे वडील, ज्यांनी त्याचे पैसे भरलेत. दोघांचं भांडण मला आज सोडवायचं नाहीये, आधीच सांगतो. (हशा)

तर माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी जिथे चहा मिळेल तिथे सांगतो. पीसी कॅबिनेटमध्ये सुरू होत नाही, तो डीपीपासून, म्हणजे लाईटच्या ट्रान्सफॉर्मरपासून सुरू होतो. यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओ भिंतीतल्या सॉकेटपासून पुढचं सांगतात, कारण त्या लोकांना सॉकेटच्या मागे बघायची वेळच येत नाही. आपल्याकडे सॉकेटच्या मागे शेजारच्या मळ्यातली पाच एचपीची मोटार असते, बोर्डात न जोडलेली अर्थिंगची वायर असते, आणि मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात. आणि दुकानात नेलं तर पहिलं उत्तर ठरलेलं, फॉरमॅट मारू. अहो वायर ढिली असली तरी फॉरमॅट, फॅन बंद असला तरी फॉरमॅट! रिबूटला फॉरमॅट मारून पैसे घेणारा जो कोणी असेल त्याचं नाव मी घेत नाही, पण एवढं सांगतो की विंडोज बिघडली तर ती सहसा मरताना निळा स्क्रीन (नव्या विंडोज ११ मध्ये काळा) दाखवून मरते, कुणी पाय ओढल्यासारखी गुपचूप जात नाही. ह्यावर नंतर येतो.

आता जळगाव जिल्ह्यातल्या यावल-फैजपूर पट्ट्यातली गोष्ट. केळीचा मळा, घर मळ्यातच, गावात नाही. हे लक्षात ठेवा, कारण गावठाण फीडर, म्हणजे गावाची लाईन, वेगळा आणि शेतीचा फीडर वेगळा, शेतीवाल्याला तेव्हा थ्री फेज, म्हणजे मोटार चालवणारी लाईट, आठ तास, ती पण पाळीने, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. पोरगा इंजिनिअरिंगचा, सुट्टीत घरी आलेला. पीसी स्वतः जोडलेला, आणि खरं सांगतो काम सुरेख होतं, केबल कुठे दिसत नव्हती. रायझन ५ प्रोसेसर, आरटीएक्स ३०७० ग्राफिक कार्ड, ६५० वॅटचा चांगला सप्लाय, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा. गेम लावला की मध्येच मरायचा आणि आपोआप परत चालू व्हायचा. मी जाईपर्यंत रॅम बदलून झाली होती, सप्लाय परत पाठवून दुसरा आला होता, आणि आता ग्राफिक कार्ड परत पाठवायचं पार्सल बांधून दारात ठेवलेलं. पोराचं म्हणणं, गरमीने होतंय काका. मे होता, दुपारी व्हायचं, कुणालाही पटेल. पण पुढच्या आठवड्यात रात्री दहानंतर व्हायला लागलं तेव्हा त्याचंही डोकं चालेना. आणि त्याचे आजोबा, अप्पा, ते वेगळंच धरून बसलेले, "याच्या डबड्यानं माही मोटार ट्रिप होते."

(हशा) हसू नका, अप्पांनी दोन गोष्टी एकत्र होताना बघितल्या होत्या, फक्त उलट लावल्या होत्या. त्या घरात तेवढं तरी दुसऱ्या कुणी बघितलं नव्हतं.

आधी जेवायला बसवलं, कळण्याची भाकरी आणि भरीत, आणि ते भरीत खाल्ल्यावर माणूस खरंतर पीसी बघायला उठत नाही, पण उठलो. पोराला म्हटलं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघड. त्यात कर्नल-पॉवर ४१ नावाची नोंद सापडली, खंडीभर. ही नोंद कारण सांगत नाही हं, एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन नीट बंद न होता गेलं. पण तिच्यावर वेळ असते. कॅबिनेटच्या वरच भिंतीवर कॅलेंडर, त्यावर अप्पांनी निळ्या पेनाने लाईटच्या पाळ्या लिहिलेल्या. वेळा एकाखाली एक वाचत गेलो, आणि एकही रिबूट पाळीच्या बाहेर नाही. बहुतेक तर पाळी सुरू झाल्याच्या मिनिटातले.

का? तर मोटारीचा ऑटो स्विच. थ्री फेज आली की त्या डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, कारण कुणाला रात्री मळ्यात जाऊन स्टार्टर दाबायचा नसतो, मलाही दाबायचा नसता. मोटार उठताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, व्होल्टेज बसतं, एखादा स्टार्टर सुटतो, ऑटो स्विच त्याला परत उठवतो, परत व्होल्टेज बसतं. कपॅसिटर लावा, ऑटो स्विच काढा म्हणून वीज कंपनीवाले सांगून थकले, तो वेगळाच विषय आहे, त्यावर मी बोलायला लागलो तर आयोजक मला उचलून नेतील.

पण थांबा, नुसतं व्होल्टेज बसल्याने पीसी मरायला नको होता. चांगला सप्लाय १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही चालतो, त्याला १६० आणि २३० सारखेच. मग मेलं कशाने? यूपीएसने! संरक्षणाला म्हणून आणलेला ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) यूपीएस, त्याच्या डब्यावर मोठ्या अक्षरात ६०० लिहिलेलं, आणि मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात ३६० वॅट. व्होल्टेज बसलं की हा टक करून बॅटरीवर जाणार. पोरगा अभ्यास करत असेल तर मशीन ओढतं सत्तर-ऐंशी वॅट, यूपीएस आरामात धरतो, कुणाला कळतही नाही. गेम चालू असेल तर मॉनिटर धरून चारशेच्या आसपास. तो धरू शकत नाही, हात सोडतो. लाईन सावरली की तो परत लाईनवर, आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, पॉवर आली की चालू हो असं सेटिंग असल्यामुळे मशीन स्वतःच उठतं. बघणाऱ्याला वाटतं रिबूट झालं. झाला होता अंधार.

म्हणजे मोटार एकटी असेल तर काही नाही, गेम एकटा असेल तर काही नाही, दोन्ही जमले की खेळ खलास. यूपीएस काढून पीसी सरळ भिंतीत लावला आणि पाळी सुरू व्हायची वाट बघत बसलो. दिवा मंद झाला, बाहेर मोटारी उठल्या, गेम चालूच. पोराने दारातलं पार्सल सोडलं. अप्पा म्हणाले, मग माही मोटार कायले ट्रिप होते? त्याचं उत्तर शेजाऱ्यांच्या ऑटो स्विचमध्ये होतं आणि ते मी शेजाऱ्यांसमोर दिलं नाही.

एक अजून, त्याच घरातलं. कॅबिनेटच्या स्क्रूला टेस्टर लावला तर पेटला. हात लावला की झिणझिण्या यायच्या आणि सगळे म्हणायचे कॉम्प्युटरला करंट असतोच. असतोच नाही! सप्लायच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला छोटे कपॅसिटर असतात, अर्थिंग नसेल तर बॉडी मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. करंट अगदी थोडा, माणूस मरत नाही, पण यूएसबी आणि हेडफोन वेडेपणा करतात. अर्थिंग बघा. आणि आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, घागरभर पाणी ओतत जा. केळीला ड्रिप आहे, अर्थिंगला घागर तरी द्या.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं. म्हणजे जे सांगायला बोलावलं होतं ते आता पळत सांगतो.

पहिलं हे बघा की रिबूट आहे की लाईट तुटतेय. फॅन पूर्ण थांबून परत फिरले तर पॉवरकडे बघा, फॅन न थांबता मशीन परत सुरू झालं तर विंडोज, ड्रायव्हर, रॅम, प्रोसेसर. ही खूण दर वेळी शंभर टक्के खरी ठरत नाही पण सुरुवात हीच. विंडोजच्या ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंगमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीत ऑटोमॅटिक रीस्टार्टची टिक काढा, म्हणजे निळा किंवा काळा स्क्रीन येत असेल तर तो थांबेल आणि वाचता येईल. ४१ च्या नोंदीत आत बगचेक कोड, म्हणजे विंडोजच्या चुकीचा नंबर असतो, तो शून्य असेल तर बहुतेक वेळा पॉवर किंवा हार्डवेअर, शून्य नसेल तर विंडोजने काहीतरी पकडलंय, त्या कोडच्या मागे जा. व्हिया-लॉगर (WHEA-Logger) नावाची हार्डवेअरच्या चुकीची नोंद दिसली तर ओव्हरक्लॉक, म्हणजे वाढवलेला वेग, आणि रॅम वेगाने चालवणारं एक्सएमपी सेटिंग बंद करून बघा. रॅमची एकेक स्टिक काढून चालवा, रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्राम, लावा.

गरमीचं, प्रोसेसर ९५-१०० अंशाला आधी स्वतःच हळू होतो, मरतो त्याच्याही पुढे गेल्यावर, आणि तेव्हा सहसा बंद पडतो, सारखा रिबूट मारत नाही. प्रोसेसरवरच्या कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची पट्टी काढली होती ना? काढली म्हणणाऱ्यांपैकी काहींच्या मी माझ्या हाताने काढल्यात.

ग्राफिक कार्डाला दोन प्लग असतील तर सप्लायपासून दोन वेगळ्या केबल आणा, एकाच केबलची दोन तोंडं नको. कार्ड क्षणभरासाठी दुप्पट ओढतात, सप्लायचं प्रोटेक्शन घाबरून तोडतं, म्हणून तर २०२२ च्या एटीएक्स ३.० या सप्लायच्या स्टँडर्डमध्ये सप्लायने रेटिंगच्या दुप्पट लोड १०० मायक्रोसेकंद सोसावा असं घातलं. आणि ८० प्लस गोल्ड म्हणजे वीज कमी वाया जाते, मजबुतीचं सर्टिफिकेट नाही. रीसेट बटणाची वायर बोर्डातून उपटून चालवून बघा, बटण चिकटलेलं निघतं कधीकधी. मदरबोर्डखाली जादा पितळी स्टॅन्डऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारा स्क्रू, राहिला असेल तर शॉर्ट. हे सगळं करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्या आणि बरं झालं तर कशाने झालं ते आयुष्यभर कळणार नाही.

काय? इन्व्हर्टरवर चालेल का? चालेल, साइन वेव्हचा असेल तर, आणि त्याच्या मागे एक छोटा स्विच असतो, यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड, तो यूपीएस मोडवर हवा, नाहीतर पलटायला तो इतका वेळ घेतो की तेवढ्यात सप्लाय मान टाकतो. सप्लाय फुल लोडवर धरून ठेवतो जेमतेम १६-१७ मिलीसेकंद. आणि हो, वॅट बघा, व्हीए नाही. चला, चहा गार होतोय, यूपीएसचं स्टिकर मोबाईलमध्ये फोटो काढून आणलं असेल त्यांनी थांबा, बाकीचे सुटले.