पुढचं वाक्य

[रात्र. देवळाचा सभामंडप. बाकड्यावर उघडी वही, तिच्यावर टॉर्चचा उजेड.]

गणपतीची चवथ आटोपली की गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या या देवळात जत्रेच्या नाटकाच्या तालमी लागतात. खांबाजवळ पुटपुटत फेऱ्या घालणारा हा तरुण दिवसा गॅरेज चालवतो. नाटकात तो राजा. दीड पानाचं स्वगत सहज म्हणतो. गाळण उडते ती नाटकाआधी, मंडळातर्फे ‘दोन शब्द’ बोलताना. तिथे ना मिशी, ना मुकुट. गेल्या वर्षी ‘नमस्कार’ म्हणाला आणि पुढचं सगळं पुसलं गेलं.

[जवळून: वहीवर फिरणारं बोट, लाल खुणा.]

हे प्रॉम्प्टर काका. अख्खं नाटक त्यांनी हाताने उतरवून घेतलंय. लाल खूण असेल तिथे कुणीतरी, कधीतरी अडलाय. काका पूर्ण वाक्य देत नाहीत. पहिला शब्द टाकतात, उरलेलं नटाच्या तोंडून आपसूक येतं. मुद्दाम घेतलेला थांबा कुठला आणि अडलेला कुठला, हे ते नजरेवरून ओळखतात. भलत्या थांब्यात शब्द टाकला तर राजेसाहेब चिडतात.

पाठांतर कुठे जात नाही, वाट तेवढी बंद होते. माणसं समोर दिसली की काही सेकंदांत अ‍ॅड्रेनालिन हे ताणाचं संप्रेरक उसळतं. छाती धडधडते, तोंड सुकतं. मागून कॉर्टिसोल हे दुसरं संप्रेरक चढत राहतं आणि 20-30 मिनिटांनी शिगेला पोचतं. म्हणजे विंगेत ताटकळलेल्या माणसाला माइक मिळतो, नेमका तेव्हा. पाठ केलेलं आठवू देत नाही ते हेच.

[तालीम. राजा पायरी उतरतो, तलवार ठेवतो.]

नाटकातलं वाक्य हालचालीला बांधलेलं असतं. पायरी उतरली की हे, तलवार ठेवली की ते. भाषणाला असा आधार नाही, म्हणून काकांनी तो दिला. पाठ करायचं फक्त पहिलं वाक्य. गाभाऱ्याकडे वळलं की देवस्थानाचे आभार, समोर पाहिलं की गावकऱ्यांचं स्वागत, विंगेकडे हात केला की कलाकारांची ओळख. अडलं तर श्वास सावकाश सोडायचा, ठोके उतरतात. शिवाय पोरांना समोर बसवून चणे खायला, गप्पा मारायला, मध्येच उठून जायला सांगितलं. भाषणाच्या वर्गांना पैसे मोजणाऱ्यांनी एकदा हे पाहावं.

पणजीच्या कला अकादमीतल्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे, ते दीनानाथ मंगेशकरही मंगेशीचे, देवळाच्या सावलीतलेच.

[जत्रा. फेरीतल्या दुकानांचे दिवे, खाज्यांचे ढीग. मग रंगमंच. तो माइकसमोर. विंगेकडे हात. पाच सेकंद निवेदन नाही.]

एकदा अडला. सापडलं.

[विंग. टॉर्च.]

काकांच्या वहीत भाषणाचं पान नव्हतंच. त्यांचं बोट केव्हाचं पहिल्या अंकाच्या पहिल्या ओळीवर आहे.