कात्री दुसऱ्याच्या हातात: टॉमी नटर आणि सॅव्हिल रो

नमस्कार. पडद्यावर दिसते आहे ते छायाचित्र तुमच्या ओळखीचे असणार. ८ ऑगस्ट १९६९ रोजी लंडनच्या एका झेब्रा क्रॉसिंगवर काढलेले बीटल्सचे हे चित्र ‘ॲबी रोड’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर आले आणि पॉल मॅकार्टनी अनवाणी का चालतो आहे, यावर लोकांनी वर्षानुवर्षे तर्क लढवले. आज आपण पायांकडे न पाहता जरा वर पाहू. सर्वांत मागे असलेला जॉर्ज हॅरिसन डेनिममध्ये आहे. उरलेल्या तिघांचे सूट एकाच दुकानातले आहेत. त्या दुकानाच्या दारावर ज्याचे नाव होते तो टॉमी नटर तेव्हा २६ वर्षांचा होता आणि दुकान उघडून सहा महिनेही झाले नव्हते.

नटरचा जन्म १७ एप्रिल १९४३ रोजी वेल्समधील बारमथ या समुद्रकाठच्या गावी झाला आणि तो वाढला उत्तर लंडनमधील एजवेअर भागात, जिथे त्याचे आईवडील एक छोटा कॅफे चालवत. तंत्रविद्यालयात त्याने आधी नळकाम आणि मग वास्तुकला शिकून पाहिली, काही काळ सरकारी कचेरीत बसला आणि कंटाळला. अखेर वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून तो ‘डोनाल्डसन, विल्यम्स अँड वॉर्ड’ या जुन्या टेलरिंग पेढीत नोकरीला लागला.

हा व्यवसाय ज्या रस्त्याच्या नावाने ओळखला जातो, त्या सॅव्हिल रोची रीत इथे समजून घ्यायला हवी. तिथला सूट ‘बिस्पोक’ असतो, म्हणजे कापडाचा तो तुकडा एका गिऱ्हाइकाच्या नावाने बोलून ठेवलेला असतो. मापे घेतल्यावर त्या एकाच देहासाठी कागदी पॅटर्न आखला जातो, कापड बेतले जाते, कच्च्या टाक्यांवर पहिली ट्रायल होते, कोट पुन्हा उसवला जातो आणि अशा अनेक ट्रायलनंतर तो पक्का शिवला जातो. त्या काळी ही दुकाने पडदे ओढून बसलेली असत. आत काय चालते हे रस्त्यावरच्या माणसाला दिसू नये, हीच प्रतिष्ठा समजली जाई. तरुण मंडळी या दारांकडे फिरकत नसत. ती जवळच्याच कार्नबी स्ट्रीटवर तयार कपडे घेत.

याच पेढीत नटरला एडवर्ड सेक्स्टन भेटला. सेक्स्टन कटर होता. आपल्याकडे ज्याला कटिंग मास्तर म्हणतात तो. माझ्या मते नटरच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी घटना हीच आहे, कोणा प्रसिद्ध गिऱ्हाइकाची भेट नव्हे. खांदा कसा दिसावा हे नटरला दिसे, आणि तो तसा उभा राहण्यासाठी आतल्या कॅनव्हासचे, म्हणजे कोटाला आकार देणाऱ्या आतल्या जाड कापडाचे, काय करावे लागते हे सेक्स्टनला ठाऊक होते.

३० जानेवारी १९६९ रोजी बीटल्सने सॅव्हिल रोच्या ३ क्रमांकाच्या इमारतीच्या गच्चीवर आपला प्रसिद्ध कार्यक्रम केला. त्यानंतर बरोबर पंधरवड्याने, १४ फेब्रुवारीला, त्याच रस्त्यावर ३५ए क्रमांकात ‘नटर्स ऑफ सॅव्हिल रो’ सुरू झाले. भांडवल घालणाऱ्यांत गायिका सिला ब्लॅक आणि बीटल्सच्या ‘ॲपल’ कंपनीतला पीटर ब्राउन हे होते. ब्राउन नटरचा जोडीदारही होता. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंध गुन्ह्यांच्या यादीतून निघून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. नव्या दुकानाला पडदे नव्हते. काचेमागची सजावट पाहायला येणारे-जाणारे थांबू लागले.

आता त्या सूटकडे पाहू. खांदे ताठ आणि बाहीच्या जोडाशी किंचित उचललेले, लॅपल, म्हणजे छातीवर उलटून दुमडलेल्या कोटाच्या पट्ट्या, जवळजवळ खांद्यापर्यंत पोहोचतील इतक्या रुंद, कंबर आवळलेली आणि खाली कोटाचा घेर मोकळा सुटलेला, अशी ती ठेवण होती. तिच्यात १९३० च्या दशकाची आठवण होती, पण लहान आणि मोठ्या चौकड्या एकाच सूटमध्ये एकत्र करण्याचे किंवा कडेला वेगळ्या रंगाची फीत लावण्याचे धाडस खास नटरचे होते. एवढी नाटकी कल्पना सैल हाताने बेतली असती तर तो तमाशातला पोशाख वाटला असता. ती अंगावर शोभली, कारण आतली शिवण सॅव्हिल रोच्या शिस्तीतलीच होती. मिक जॅगरने १९७१ मध्ये आपल्या लग्नात इथलाच सूट घातला, आणि त्याची पत्नी बियांका हिनेही पुरुषी बेताचे सूट इथूनच शिवून घेतले.

१९७६ मध्ये नटर आणि सेक्स्टन यांची जोडी फुटली. दुकान सेक्स्टनकडे राहिले आणि नटर स्वतःचेच नाव असलेल्या दारातून बाहेर पडला. तो ‘किलगूर, फ्रेंच अँड स्टॅनबरी’ या पेढीत गेला आणि १९८३ मध्ये सॅव्हिल रोवरच १९ क्रमांकात पुन्हा आपल्या नावाने उभा राहिला. १९८९ च्या ‘बॅटमॅन’ चित्रपटातील जोकरचे, म्हणजे जॅक निकल्सनचे, जांभळे सूट त्याच्याकडचे होते. पुढे नावारूपाला आलेला टेलर टिमथी एव्हरेस्ट त्याच्याच हाताखाली शिकला. १७ ऑगस्ट १९९२ रोजी एड्समुळे नटरचे निधन झाले; तो ४९ वर्षांचा होता.

सेक्स्टन २०२३ पर्यंत जगला. नटर गेल्यानंतरच्या काही वर्षांतच फॅशनचे शिक्षण घेणारी एक मुलगी बेतणे शिकण्यासाठी त्याच्याकडे आली. तिचे नाव स्टेला मॅकार्टनी. छायाचित्रात अनवाणी चालणाऱ्या त्या पॉलची ती मुलगी.