जी लढत झालीच नाही

अमेरिकेतल्या २००७ सालच्या जनमत चाचण्या आठवून पाहा. एकीकडे डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन, दुसरीकडे रिपब्लिकन पक्षाचे रुडी जुलियानी. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक वर्षभराहून लांब होती, दोघांनाही अजून पक्षाची उमेदवारी मिळायची होती. तरी चाचण्यांमागून चाचण्या सांगत होत्या, आज मतदान झालं तर कोण जिंकेल ते.

पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी २९ जानेवारी २००८ ला फ्लोरिडात झालेल्या मतदानात जुलियानी तिसरे आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी माघार घेतली. जूनमध्ये हिलरीही बाहेर पडल्या. नोव्हेंबरात आमनेसामने आले ते बराक ओबामा आणि जॉन मॅकेन.

म्हणून त्या चाचण्या खोट्या ठरत नाहीत. लोकांना खरोखरच फोन गेले होते, त्यांनी मनापासून उत्तरं दिली होती. पण समोरच्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. फोनवर अचानक विचारणा होते: आज निवडणूक असती आणि हे दोघे उभे असते, तर मत कोणाला? निवडणुकीचा विचार मनात नाही, प्रचार ऐकलेला नाही. अशा वेळी ओळखीचं नाव तोंडात येतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या वेळी जुलियानी न्यूयॉर्कचे महापौर होते. तो चेहरा साऱ्या देशाच्या लक्षात होता. आकड्यात उतरली ती ही ओळख.

जो रिंगणातच नाही, त्याच्यावर कोणी चिखलफेक करत नाही. १९९५ मध्ये निवृत्त जनरल कॉलिन पॉवेल चाचण्यांत तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या पुढे होते. नोव्हेंबरात त्यांनी जाहीर केलं, आपण लढणार नाही. जुलै २०२४ मध्ये रॉयटर्स-इप्सॉसच्या चाचणीत बराक ओबामांच्या पत्नी मिशेल यांना ५० टक्के आणि डोनाल्ड ट्रम्प यांना ३९ टक्के पसंती होती. त्याच चाचणीत तेव्हाच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस ४२, ट्रम्प ४३. रोजच्या राजकारणात असलेल्या हॅरिस आणि त्यापासून दूर राहिलेल्या मिशेल, या दोघींतलं अंतर इथे दिसतं.

कधी कधी लोक दुसऱ्याच गोष्टीचं उत्तर देतात. १९८२ च्या अखेरीस अमेरिकेत बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली होती. १९८३ च्या सुरुवातीला डेमोक्रॅटिक पक्षाचे वॉल्टर माँडेल चाचण्यांत तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या पुढे होते. ती माँडेल यांच्याविषयीची पसंती कमी आणि रेगन यांच्यावरचा राग जास्त होता. अर्थव्यवस्था सावरली आणि १९८४ मध्ये रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली.

शिवाय हजार जणांच्या चाचणीत प्रत्येकाचा आकडा तीन टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो; दोघांमधल्या आघाडीत ही चूक जवळपास दुप्पट होते. आणि देशभराची टक्केवारी अध्यक्ष ठरवत नाही; तो राज्याराज्यांतल्या निकालांवरून ठरतो. २०१६ मध्ये हिलरींना ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं अधिक मिळाली, तरी त्या हरल्या. निकाल लागला मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनियातल्या मिळून सुमारे ७८ हजार मतांनी. न्यू जर्सीत कोण जिंकणार हे बहुधा आधीच ठाऊक असतं; तिथल्या मराठी घराचं मत चाचणीत पेनसिल्व्हेनियातल्या मताइतकंच मोजलं जातं, निकालात त्याचं वजन तेवढं नसतं.

माझी खरी चिंता वेगळी आहे. हे आकडे नुसते वाचले जात नाहीत, त्यांच्यावर निर्णय होतात. ‘हाच जिंकू शकतो’ म्हणून देणगीदार पैसा ओततात, कार्यकर्ते बाजू निवडतात, आणि ज्याचं नाव अजून कानावर पडलेलं नाही, त्याला बोलण्याची संधी मिळण्याआधीच मागे सारलं जातं. म्हणून अशी चाचणी समोर आली की आघाडीच्या आधी एक रकाना शोधा: या उमेदवाराविषयी ‘पुरेशी माहिती नाही’ म्हणणारे किती?