मजबूत बंध तोडायचा, नाजूक राखायचा

(दृश्य: काचेच्या पात्रात संथ फिरणारे पांढरे मणी)

बारीक वाळूएवढे हे मणी. त्यांच्या छिद्राछिद्रांत पेनिसिलिन ॲसायलेज हे विकर पक्कं बांधलेलं आहे. भोवती आहे ते पाणी, आणि त्यात विरघळलेलं पेनिसिलिन जी: १० लिटरला ८०० ग्रॅम पोटॅशियम क्षार. तापमान ३० अंश सेल्सिअस, सामू ८. आता बाजूच्या पंपाकडे बघा. विरल अमोनियाचा एकेक थेंब पडतोय. सगळी प्रक्रिया त्या थेंबावर चालली आहे.

पेनिसिलिन जीच्या रेणूत दोन अमाइड बंध असतात. एक चार अणूंच्या ताणलेल्या बीटा-लॅक्टॅम वलयातला. औषधाचा जीव त्यातच. दुसरा बाजूच्या साखळीचा, बराच दणकट. नवी प्रतिजैविकं बनवायची तर दणकट बंध तोडून नाजूक वलय शाबूत ठेवावं लागतं. नुसतं आम्ल किंवा अल्कली घातलं, तर आधी वलयच फुटतं.

रसायनशास्त्राने यावर तोडगा काढला होता. आधी सिलिल या सिलिकॉनच्या गटाने रेणूतला कार्बॉक्सिल हा आम्लगट झाकायचा, मग डायक्लोरोमिथेनमध्ये उणे ४० अंशांवर फॉस्फरस पेंटाक्लोराइड घालायचं, नंतर अल्कोहोल, शेवटी पाणी. द्रावकं अगदी कोरडी हवीत, आणि एवढा थंडावा सतत टिकवायचा. विकराला यातलं काहीच लागत नाही. ते बाजूच्या साखळीचा फिनाइलॲसिटिल गट ओळखतं, तिथलाच बंध सोडवतं आणि वलयाला हात लावत नाही.

(दृश्य: सामूमापकाचे आकडे)

७.९८. ७.९५. थेंब पडला, ८.०१.

बंध तुटला की ६-एपीए (६-अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल, वलय शाबूत असलेला गाभा) सुटतं आणि सोबत फिनाइलॲसिटिक आम्ल. या आम्लाने सामू घसरतो, विकर मंदावतं आणि तुटलेले तुकडे पुन्हा जुळू पाहतात. म्हणून अमोनिया. पण तो जास्त झाला तर अल्कलीच वलय फोडते आणि हाती उरतं निरुपयोगी पेनिसिलोइक आम्ल. नळीचं टोक पात्राच्या कडेला ठेवलं तरी हाच घोळ होतो: मापक ८ दाखवतो, आणि थेंब पडतो तिथल्या मण्यांना मात्र चटका बसलेला असतो. टोक ढवळणाऱ्या पात्याजवळ, द्रावणात बुडालेलं हवं.

प्रक्रिया कुठवर आली, हेही अमोनियाच सांगतो. ८०० ग्रॅम म्हणजे सुमारे २.१५ मोल, प्रत्येक मोलमागे एक मोल आम्ल. २ मोलर अमोनिया साधारण १.०७ लिटर गेला की काम संपलं. त्याच्या बऱ्याच आधी पंप थांबला, तर मण्यांची ताकद उतरली असं समजा.

ढवळण्यासाठी चुंबकी कांडी कधीच नको. ती तळाशी मणी दळते, त्यांचा भुगा गाळणीत अडकतो आणि द्रावण निथळेनासं होतं. वरून सोडलेलं पातं, मणी जेमतेम तरंगत राहतील इतकाच वेग. विकर मण्यांतून सुटतंय का, ते तपासायचं असेल तर प्रक्रिया अर्ध्यावर असताना थोडं द्रावण गाळून घ्या. मण्यांशिवायही त्याचा सामू घसरत राहिला, तर विकर पाण्यात उतरलंय.

(दृश्य: द्रावण गढूळ होतं, स्फटिक खाली बसतात)

तळाच्या जाळीतून द्रावण निथळलं. मणी वर राहिले. द्रावण थंड करून हायड्रोक्लोरिक आम्ल हळूहळू घालतात. सामू ४.२ च्या आसपास आला की ६-एपीएचे पांढरे स्फटिक पडू लागतात. त्याखाली घसरू द्यायचं नाही: फिनाइलॲसिटिक आम्लही त्यात मिसळतं. स्फटिकांना मधासारखा उग्र वास आला, की ते झालंच समजा. हे आम्ल वेगळं काढायला थोडं द्रावक आजही लागतं, पण तेच आम्ल पेनिसिलिनच्या किण्वनात पुन्हा वापरता येतं. ८०० ग्रॅममधून कागदावर ४६५ ग्रॅम ६-एपीए मिळायला हवं. धुण्या-गाळण्यात त्यातलं काही जातंच.

अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन यांची सुरुवात या पांढऱ्या भुकटीपासून होते, आणि आता ती बहुतांशी विकरानेच बनते.

(दृश्य: मण्यांवर पाणी)

मणी पाण्याने धुतले जातात, मग फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, ४ अंशांवर ठेवले जातात. गोठू द्यायचे नाहीत, तडकतात. नीट सांभाळले तर हेच मणी शेकडो वेळा चालतात. पुढचं पेनिसिलिन तिकडे विरघळतंय.